निळ्या देठाचा शेजार

लेबलं मी हातानंच लिहितो. यंदा तीनशे बारा.
आई म्हणते, अक्षर बापाचंच,
वाट चुकलेल्या मुंग्या.

बादाचोन्यच्या डोंगराला शेंडा नाही.
सुरीनं कापून कुणी नेला असावा, इतका सपाट.
खाली बालातोनचं पाणी,
दुपारचं ऊन ते उलटं फेकतं
आणि पानांच्या पोटालाही चटका बसतो.
रात्री काळा दगड दिवसभराचं परत करत राहतो,
थोडं थोडं, सावकारासारखं नाही.

ओलासरिझलिंगवर आमचं घर चालतं.
ती वाइन सगळ्यांना आवडते,
म्हणून कुणाला आठवत नाही.
स्युर्केबारात म्हणजे करडा भिक्षू;
भिंतीला सायकली टेकवून येणारे पाहुणे
नावाचा अर्थ विचारतात, हसतात,
आणि दोन बाटल्या घेतात.
वरच्या बांधाला केकन्येल्यू. निळ्या देठाची.
देठ खरंच निळे,
गार पाण्यात फार वेळ राहिलेल्या नखांसारखे.
घड मोजके, भाव चौपट.
तिच्या अध्येमध्ये बुदई झोल्ड:
हिरवट, आंबट, कॅनमधून लिटरवर विकायची.

मी हिशेब शिकून आलेला मुलगा.
फेब्रुवारीत झोल्डच्या सहाही ओळी उपटल्या.
बाबा म्हणाले, "निळ्या देठाच्या फुलात नर नसतो, गेर्गेय.
तिला शेजार लागतो."
मी म्हटलं, ओर्शोल्याच्या मळ्यात आहे की झोल्ड,
वारा आणेल.
वाऱ्याला पगार द्यावा लागत नाही, असंही म्हटलं.

त्या जूनमध्ये वारा आलाच नाही.
सप्टेंबरात घड होते, मणी नव्हते;
मिरीएवढे हिरवे खडे,
चावले तर दात शिवशिवत.
बाबा एक घड खिशातून घरी घेऊन आले,
जेवताना मीठदाणीशेजारी ठेवला.
सूप संपेपर्यंत कुणी बोललं नाही.
नंतरही नाही.

ओर्शोल्याशी आमचं अकरा वर्षं बोलणं बंद.
आमच्या कुत्र्यानं तिची चार बदकं मारली होती.
ते तिनं सोसलं असतं, पण आई म्हणाली,
"म्हातारीच तर होती."

पुढच्या जूनमध्ये, सकाळी सातला,
पिठाची रिकामी कागदी पिशवी झटकून
आई कुंपणाच्या पलीकडे गेली.
काय बोलणं झालं, ठाऊक नाही.
मी खिडकीतून पाहिलं:
दोघी फुलोऱ्याच्या काड्या कापत होत्या,
एकमेकींकडे पाठ करून.
मग आमच्या बांधावर आल्या
आणि एकेका घडावर काडी झटकू लागल्या.
"हलक्या हातानं, एतेल्का. पीठ चाळत नाहीयेस."
"मला शिकवू नकोस."
बाह्यांवर पिवळी धूळ.
पाच दिवस असंच.
बाबा बाकावर बसून टोपीनं
नसलेल्या माश्या हाकलत होते.

घड भरले, पण लेकुरवाळे:
मोठ्या मण्याला बिलगून चार बारके.
तळघरातलं सर्वांत लहान पिंप, तेही गळ्याशी रितं;
काचेचे गोटे धुऊन आत सोडले,
तेव्हा कुठे वाइन तोंडाशी आली.
चव सांगायची तर आधी काहीच नाही.
मग दगड.
मग बऱ्याच वेळानं, ग्लास खाली ठेवल्यावर,
सालीसकट चावलेला बदाम.

लेबलवर नाव एकच लिहितात, केकन्येल्यू.
जिनं मणी भरले तिचं कुठंच नाही.
तशी रीतच आहे.
मी मात्र दोनशे सातव्या लेबलवर
चुकून झोल्ड लिहिलं,
खोडलं, आणि तेच चिकटवलं.
झोल्डची नवी रोपं गुडघ्याएवढी झालीत,
फुलायला अजून दोन वर्षं.
तोवर पिशवी दाराच्या खुंटीला.

काल ओर्शोल्या चाखायला आली.
उभ्यानंच प्यायली. "आंबट आहे," म्हणाली,
आणि न विचारता तीन बाटल्या काखोटीला मारल्या.
दार ओढताना थांबली:
"कुत्रा बांधून ठेवा.
नवी बदकं आणलीयत. तरणी."